त्रेचाळीस नंबरची रांग

पोरांना कसलं ना कसलं वेड लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डायनासोरचं लागतं, स्लाइमचं लागतं, कुणाला के-पॉपचं लागतं, बायकोच्या मैत्रिणीच्या मुलाला तर लिफ्टचं लागलंय, तो मॉलमध्ये नुसता लिफ्टने वरखाली करतो आणि त्याचे आईबाप बाहेर बाकावर बसून कॉफी पितात, किती सुखी लोक बघा. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येला लागलं स्टॉक कार रेसिंगचं. बरं ते तरी आत्ताच्या ड्रायव्हर लोकांचं लागावं, तेही नाही. हिचा हिरो रिचर्ड पेटी, 43 नंबरच्या गाडीवाला. जन्म 1937. रिटायर झाला 1992 ला, तेव्हा तिचा बाप सांगलीत खाकी अर्ध्या चड्डीत शाळेत जात होता आणि त्याला मारुती 800 मध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळालं तरी तो आठवडाभर सांगत सुटायचा.

याला कारण आमचं गाव. आम्ही राहतो शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात. इथे पोटापाण्याचे दोन मोठे धंदे, बँका आणि रेसिंग. मराठी माणसं बहुतेक बँकांच्या वळचणीला, मी पण त्यातलाच, पण नॅस्कारच्या, म्हणजे ह्या रेसेस भरवणाऱ्या संस्थेच्या, बहुतेक टीम्सचे वर्कशॉप्स आमच्याच आजूबाजूला आहेत आणि त्यांचं हॉल ऑफ फेम, म्हणजे मोठमोठ्या रेसर्सचं म्युझियम, तर डाऊनटाऊनमध्ये, 2010 ला उघडलेलं. तिथे वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला म्हणून ही गेली. तिथे ग्लोरी रोड म्हणून एक चढण आहे, तिच्यावर जुन्या गाड्या ओळीने उभ्या केल्यात आणि ट्रॅकचा तिरकेपणा वाढत वाढत 33 डिग्रीपर्यंत जातो, अलाबामातल्या टालाडेगाच्या ट्रॅकइतका. त्या उतारावर ही उभी राहिली आणि खाली उतरली ती दुसरीच मुलगी होऊन. तोपर्यंत भरतनाट्यमला जात होती हो व्यवस्थित.

मग घरात सुरू झालं. 200 रेस जिंकलाय तो बाबा, दोनशे. सात वेळा चॅम्पियन. डेटोना 500, म्हणजे ह्यातली सगळ्यात मानाची रेस, ती पण सात वेळा. 1967 ला एका सीझनमध्ये 27 जिंकल्या, त्यातल्या दहा लागोपाठ. हे जेवताना, दात घासताना, मी ऑफिसच्या कॉलवर असताना मागून. पावकी-निमकी तर सोडाच, साताचा पाढा इंग्रजीत पण हिला धड येत नाही आणि एकोणऐंशीच्या डेटोनाची शेवटची लॅप मात्र तोंडपाठ, की पुढचे दोघे, केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन, एकमेकांना घासत घासत भिंतीवर गेले, गाड्या खाली गवतात जाऊन थांबल्या आणि मागून येणारा पेटी शिट्टी वाजवत पुढे निघून गेला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ याचं इतकं चोख उदाहरण मराठीच्या पुस्तकात पण नव्हतं. आणि ते दोघं नंतर गाड्यांतून उतरून खरंच हाणामारी करत होते, डॉनीचा भाऊ बॉबी पण मध्ये पडला, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह, पहिल्यांदाच 500 मैलांची अख्खी रेस लाइव्ह दाखवत होते आणि नेमका त्याच दिवशी अर्ध्या अमेरिकेत बर्फ पडल्यामुळे लोक घरात अडकून टीव्हीसमोर बसलेले. नॅस्कारचं नशीब तिथून फळफळलं म्हणतात. आमचं फिरलं.

मंडळाच्या गणपतीत फॅन्सी ड्रेस होता. चार शिवाजी, तीन जिजाऊ, एक झाशीची राणी, एक सावित्रीबाई, आणि आमचं रत्न पेटी बनून, काउबॉय हॅट, हॅटला कोंबडीची पिसं, काळा गॉगल आणि काजळाने काढलेल्या मिशा. परीक्षक काकूंनी गाल ओढून विचारलं, "अगंबाई, रजनीकांत का गं तू?" त्यावर हिने स्टेजवर माइक घेऊन त्यांना दोनशे रेसेसचा इतिहास सांगायला घेतला, शेवटी माइक काढून घेतला तेव्हा ती 1964 पर्यंत आली होती. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. थांबावं म्हणून दिलं असावं.

तर अशा वातावरणात बातमी आली की किंग, म्हणजे पेटीला इथे सगळे किंगच म्हणतात, स्वतःच्या म्युझियममध्ये शनिवारी सह्या द्यायला येणार. म्युझियम लेव्हल क्रॉसला, त्याच्या गावी, आमच्याकडून दीड तासावर. त्याच वेळी सांगलीहून आमची आई आली होती, सहा महिन्यांसाठी. बायको म्हणाली, "मला लॉन्ड्री आहे." सोळा वर्षांच्या संसारात मी तिला लॉन्ड्रीबद्दल इतकी आपुलकी दाखवताना पाहिलं नव्हतं. आई मात्र लगेच तयार. तिला आधी वाटलं देवळात जायचंय, कारण कन्येने तिला सांगितलेलं, "आज्जी, आपण किंगला बघायला जाणार, खूप लाइन असते, पण तो सगळ्यांना भेटतो." मग पहाटे उठून आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरला, लसणाची चटणी घेतली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि सगळं तिच्या त्या कापडी पिशवीत घातलं, सांगलीच्या साडीच्या दुकानात फुकट मिळालेली, पिवळी, बंद जरा विटलेले, पण तिच्याशिवाय ती कुठे म्हणून जात नाही.

गाडीत आईने विचारलं, हा माणूस करतो काय नेमकं. कन्या म्हणाली, गाडी चालवायचा. आई म्हणाली, म्हणजे ड्रायव्हर. मग पुढचा तासभर मी आय-85 वर आणि मागे आजी-नातीचा तास सुरू, की ह्या रेसेस सुरू कशा झाल्या. तर इथल्या डोंगरात लोक चोरून दारू गाळायचे आणि रात्री गाडीत भरून शहरात पोचवायचे, मागे पोलीस लागायचे म्हणून बाहेरून साधी दिसणारी गाडी आतून अशी ठोकठाक करून घ्यायचे की पोलिसांना धूळच दिसावी, आणि मग रविवारी रिकामे बसण्यापेक्षा आपसातच कुणाची गाडी जास्त पळते बघायला लागले.

"म्हणजे हातभट्टीवालेच की सगळे," आई म्हणाली.

सगळे नाही, पेटी लोक नाहीत, कन्येने घाईघाईने स्पष्ट केलं, पण ज्युनियर जॉन्सन होता. तो 1956 ला वडिलांच्या भट्टीपाशी पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात बसला, सुटून आल्यावर परत रेस जिंकायला लागला, आणि 1986 ला प्रेसिडेंट रेगनने त्याला माफ केलं. आणि आता तो हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच जणांत आहे, पेटीच्या शेजारी. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या आळीतला तो एक उगीच मेला तिकडं, इकडं जन्मला असता तर पुतळा झाला असता."

आईला सर्वांत जास्त आवडली ती लीची गोष्ट. ली म्हणजे पेटीचा बाप, तोही मोठा रेसर, पहिली डेटोना 500 त्यानेच जिंकलेली, 1959 ला, आणि तीही कोण पुढे हे ठरवायला फोटो बघत तीन दिवस गेले. त्याच वर्षी अटलांटात एका रेसमध्ये पोरगा पहिला आला. पहिलाच विजय, एकवीस वर्षांचं पोर, आनंदात. आणि बापाने जाऊन तक्रार केली की मोजण्यात चूक झालीय, माझी लॅप धरली नाही, मीच पहिला. मोजलं परत. बाप बरोबर निघाला. पोराची ट्रॉफी बापाला दिली.

मला वाटलं आई आता बापाला शिव्या घालणार. तर ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बघ. ह्याला म्हणतात वळण." मला दहावीला रीचेकिंगमध्ये तीन मार्क कमी झाले होते, त्याला तिनेच अर्ज करायला लावला होता, ते मी गाडीत काढलं नाही.

पोचलो तर रांग पार पार्किंगपर्यंत. ऊन असं की नॉर्थ कॅरोलायनाचा जुलै म्हणजे मुंबईचा मे, फक्त समुद्र काढून घेतलेला. हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली की रांग पुढे सरकतच नाहीये. आत खिडक्या कमी आहेत, माणसं घुसतायत, असलं आपल्याकडचं काही कारण नाही. कारण म्हणजे स्वतः किंग. ह्या माणसाची सही म्हणजे आपल्यासारखी फरफटलेली रेघ नसते. रिचर्ड मधलं प्रत्येक अक्षर दिसतं, पेटी मधलं प्रत्येक दिसतं, आरचा गोल वळसा मोठा, पीचा त्याहून मोठा, दोन्ही टींच्या डोक्यावरून लांब फराटा आणि वायची शेपटी मागे वळून खालून अख्ख्या नावाला मिठी मारून येते. आणि अशी सही तो आयुष्यभर देत आलाय, जो येईल त्याला, कंटाळा न करता. फॅन लोकांना ह्याचं भारी कौतुक. मलाही असतं, घरी एसीत बसून. दीडशे माणसांच्या मागे उन्हात उभं राहून त्या शेपटीचा विचार करून बघा एकदा.

आमच्या पुढे एक धिप्पाड गृहस्थ. फोल्डिंगची खुर्ची, कूलर, दंडावर तिरका 3 गोंदवलेला. आता 3 हा डेल अर्नहार्टचा नंबर, 2001 ला डेटोनाच्या शेवटच्या लॅपला गेला बिचारा, आणि चॅम्पियनशिपा त्याच्याही सातच. म्हणजे पेटीवाले आणि अर्नहार्टवाले हे गावसकर-तेंडुलकर प्रकरण आहे, फक्त लोकांच्या दंडावर आलेलं. ह्या गृहस्थांनी आमच्या कन्येची पेटीवाली निळी टोपी बघितली आणि हसत हसत काडी टाकली, की दोनशे जिंकल्या खऱ्या, पण तेव्हा आठवड्याला दोन-दोन रेसेस असायच्या, मातीच्या ट्रॅकवर, निम्म्या वेळा समोर फारसं कुणी नसायचंच.

मी मनात म्हणलं, संपला हा.

कन्येने टोपी मागे सारली. मग निव्वळ आकड्यांचा मारा... नको, मला आठवत पण नाही ती काय काय बोलली, एवढं आठवतंय की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि शेवटी ती म्हणाली की माती सगळ्यांनाच सारखी होती ना, मग बाकीच्यांनी का नाही जिंकल्या दोनशे. ते गृहस्थ उठून उभे राहिले. मी एक पाऊल मागे गेलो, खोटं कशाला बोलू. तर त्यांनी खुर्ची उचलली आणि आईसमोर ठेवली, मॅम, प्लीज. हरल्याची कबुली द्यायची इथली ही पद्धत असावी.

आई बसली आणि तिथून पुढे ती रांग आमची राहिली नाही, तिची झाली. पुरी दिली. त्यांनी कूलरमधून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, मिठाच्या पाण्यातल्या, इकडे रस्त्याच्या कडेला विकतात. आईने एक फोडली, चाखली आणि तिचा चेहरा असा झाला की अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी शुद्ध मराठीत बोललंय. "अरे ह्यांना तर ओल्या शेंगा उकडता येतात की!" म्हणजे सहा महिन्यांत आम्ही जे काही दाखवलं, नायगारा, व्हाइट हाऊस, ते सगळं एकीकडे.

मग गप्पा. भाषांतराला कन्या. आईचं माहेर मिरजेजवळचं, तिच्या वडिलांच्या दावणीला शर्यतीची बैलजोडी असायची, आणि ते आईला एवढं चढलं की ती खुर्चीत बसून हात हलवून गाडी कशी पळायची ते दाखवायला लागली. ह्या गृहस्थांनी फार गांभीर्याने विचारलं, हॉर्सपॉवर किती. कन्या म्हणाली, टू ऑक्सपॉवर. मग आईने सांगितलं की 2014 ला कोर्टाने शर्यती बंद केल्या, लोकं सात-आठ वर्षं नुसती बैलांना खायला घालत बसली, 2021 ला परत परवानगी मिळाली. हे ऐकून माणूस इतका हळहळला, की एखाद्या मैत झालेल्या घरी बसल्यासारखा, नो रेसिंग, सेव्हन इयर्स, असं तो मागच्या लोकांना सांगायला लागला आणि रांगभर ती बातमी गेली. मी ह्या सगळ्यात छत्री धरून उभा. कुणी मला काही विचारत नव्हतं.

आत म्युझियममध्ये शिरलो तेव्हा एसी लागला आणि मला पेटी घराण्याबद्दल खरा आदर वाटला. म्युझियम त्यांच्याच जुन्या जागेवर आहे, एकोणपन्नास साली शेतातल्या औजारांच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करत सुरू झालेला कारभार. 43 नंबरच्या गाड्या, तो खास आकाशी निळा. एका स्पॉन्सरने 1972 ला येऊन सांगितलेलं की गाडी सगळी लाल रंगवा, एवढे पैसे देतो, हा म्हणाला निळा जाणार नाही, मग अडून अडून शेवटी अर्धी लाल अर्धी निळी. आईने त्या गाडीकडे बघून म्हणलं, आपल्याकडे पण बिल्डिंगच्या रंगावरून सोसायटीत असंच होतं. गाडीला दार उघडत नाही, खिडकीतून आत जायचं, हे तिला पटलं नाही. पण काचेच्या कपाटात पेटीच्या बायकोच्या बाहुल्यांचा संग्रह आहे तो बघायला ती पंधरा मिनिटं थांबली, आणि तिच्यासाठी आमचे मागचे लोक पण थांबले, खुर्चीवाले तर तिची पिशवी धरून.

कन्या इकडे कार्डं चाळत होती. हो, कार्डं. किंगला विचारायचे प्रश्न, नंबर टाकून. पहिला प्रश्न बापाने ट्रॉफी काढून घेतली तेव्हा रडलास का. दुसरा 1984 चा, चार जुलैला डेटोनाला दोनशेवी जिंकली, प्रेसिडेंट रेगन विमानातून फोनवर रेस सुरू करा म्हणाले आणि मग स्वतः येऊन बसले, तर वर बघितलं होतंस का. तिसरा शेवटच्या रेसचा, 1992, अटलांटा, गाडी ठोकली, पेटली, बॉनेट गेलं आणि तरी दुरुस्त करून शेवटची लॅप मारायला परत आला, तर कशाला. हा प्रश्न मला पण होता.

आणि आला नंबर. टेबलामागे तो. तीच हॅट, तीच पिसं, काळा गॉगल, मिशा, बोटं लांब लांब, हाताच्या शिरा वर आलेल्या, कमरेला पट्ट्याचं बक्कल बशीएवढं. हा माणूस फोटोत दिसतो तसाच्या तसा दिसतो, त्यामुळे उलट खोटा वाटतो. मी कन्येला पुढे ढकललं. तिच्या हातात खोक्यातली निळी गाडी.

टेबलाशी एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, नाव काय हनी, कुणासाठी सही.

कन्येने तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"फॉर्टी-थ्री," ती म्हणाली.

बस. एवढंच. कार्डं सगळी घामाने चिकटून एक झालेली. तिकडे गॉगलच्या खाली मिशा जरा हलल्या, त्याने खोकं ओढलं आणि सही सुरू केली, आर, मोठा वळसा, आणि माझी मुलगी, जिला मंडळाने माइक काढून घेऊन गप्प केलं होतं, ती श्वास पण न घेता ती शेपटी कशी वळते ते बघत राहिली.

ही शांतता आईला सहन होईना. कुणाच्या घरी जाऊन गप्प बसणं तिच्या नियमात बसत नाही. तिने पुढे होऊन नमस्कार केला आणि सरळ मराठीत सुरू केलं, की लांबून आलोय, पोरगी तुमचं फार करते, ऊन फार आहे, तब्येत जपा, ह्या वयात एवढं बसून राहू नये, पाय सुजतात. आणि मग सहीकडे बोट दाखवून मला, "ह्यांना मोडी येत असणार रे, बघ हात कसा उचलत नाहीत." किंगने हॅटच्या काठाला बोट लावलं. आईच्या दृष्टीने संवाद पूर्ण झाला. त्यांना वाटलं बाईंना पण सही हवीय, आणि टेबलावर आईने टेकवायला ठेवलेली ती पिवळी पिशवी त्यांनी पुढे ओढली आणि साडीच्या दुकानाच्या नावाच्या खाली, शाखा कुठे कुठे आहेत त्याच्या वर, मार्करने आख्खी सही केली. 43 सकट. शेपटी सकट. कन्येच्या खोक्यावरच्यापेक्षा मोठी, कारण जागा जास्त होती.

जाताना तो कन्येला हळू आवाजात काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही आणि ती अजून सांगत नाही. आम्हाला एक फोटो मिळाला, तिथल्या बाईंनी काढलेला, त्यात आई आणि किंग एखाद्या लग्नातले व्याही-विहीण असावेत असे सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत, कन्येची फक्त टोपी आलीय आणि माझा छत्रीवाला हात.

गाडीत बसल्याबरोबर हिचा आवाज परत आला. लेक्सिंग्टनपर्यंत सगळी कार्डं वाचून दाखवली, उत्तरं पण स्वतःच दिली. मग मागच्या सीटवर वेगळंच सुरू झालं, पिशवी कुणाची. कन्येचं म्हणणं पिशवी फ्रेम करायची. आई म्हणाली फ्रेम करून मी भाजी कशात आणू. तिला सांगितलं की ह्या सहीला लोक पैसे देतात, तर म्हणाली मग तुझ्या खोक्यावर आहे की, ती वीक. बायकोने घरी मध्यस्थी केली, नवीन पिशवी आणून दिली, छान, चेनवाली. आईने ती नमस्कार करून घेतली आणि बॅगेत तळाशी ठेवली.

आता ती पिशवी सांगलीत आहे आणि आठवड्यातून एकदा कन्या व्हिडिओ कॉल लावून आधी आजीला नाही, पिशवीला बघते. परवा ती दारामागच्या खिळ्याला होती, मेथीची जुडी वर आलेली, सही उलटी, पीच्या वळशात एक हिरवा डाग. कन्येने किंकाळी फोडली. आई म्हणाली, "अगं ओरडतीस काय, मंडईत त्या लिंबूवाल्याने विचारलं पण, कुठल्या पुढाऱ्याची सही आहे म्हणून. आणि शाई पक्की आहे हो त्यांची, साबणाने घासली तरी गेली नाही."